तरुण संघाचा पत्र्याचा डबा

कुसाबाई त्रिभुवन तरुण संघाच्या पुढारी झाल्या त्या एका गैरसमजातून, आणि तो गैरसमज पुढची नऊ वर्षं कुणी दूर केला नाही.

१९९६ सालचा जानेवारी होता. नाशिकला शरणपूरच्या बाजूला असलेल्या शांतिसदन या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा चालली होती. पाचवा विषय होता प्रीतिभोजनाच्या भांड्यांचा. मंडळीची आठ मोठी पातेली काळीठिक्कर पडली होती, ती कुणीतरी घरी नेऊन घासून आणायला हवी होती. कुसाबाई त्या वेळी मागच्या पडवीत चहाच्या स्टोव्हला पिन मारत होत्या. त्या हात पुसत आत येऊन बसेपर्यंत भांड्यांचा विषय 'पुढील सभेत घ्यावा' म्हणून गुंडाळला गेला होता आणि सहावा निघाला होता. तरुण संघाची जबाबदारी.

हा विषय निघाला की सभेतली माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागत. संघाचा आधीचा पुढारी पुण्याला नोकरी लागली म्हणून निरोप घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी इथल्याच सातपूरला भाजी घेताना दिसला. त्याच्या आधीच्याला पोरांनी गायनवृंदाच्या झग्यांच्या खोलीत कोंडलं होतं. त्याच्याही आधी एक प्राध्यापक बाई होत्या, मानसशास्त्र शिकवायच्या. दोन शनिवारांत त्यांची झोप उडाली.

"नुसती पडून पडून खराब होतायत ती," पाळकसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "कुणीतरी मनावर घ्या हो!"

कुसाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"माझ्याकडं द्या. राख आन् चिंच लावून अशी घासते, का तोंड दिसंल त्यांच्यात."

मग टाळ्यांचा कडकडाट. मंडळीचे सेक्रेटरी मोतीराम दुशिंग यांनी लगेच ठराव लिहून घेतला, कारण लिहिलेलं मागे घेता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सभा संपल्यावर कुसाबाईंनी पाळकसाहेबांना गाठलं.

"कधी न्यायची? हातगाडी लागंल."

"हातगाडी कशाला?" पाळकसाहेब म्हणाले. "शनिवारी चार वाजता आपापल्या पायांनी येतील."

कुसाबाईंना वाटलं, साहेब दमलेत.

खरा उलगडा केला तो शेजारच्या सुवार्ताने. सुवार्ता पंधरा वर्षांची, वेणीला रबरबँड लावणारी, हजरजबाबी पोर. ती हसून हसून ओट्यावर बसली. "मावशी, पातेली नाही, आम्ही! आम्हाला घासायचं कबूल केलंय तुम्ही!"

"अरे देवा," म्हणून कुसाबाईंनी कपाळाला हात लावला. पण चारचौघांत दिलेला शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

कुसाबाई दिंडोरीकडच्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. विसाव्या वर्षी त्या नाशिकला आल्या आणि एका मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून लागल्या. चौतीस वर्षं तिथेच काढली. छापलेलं अक्षर त्यांना बोट ठेवून वाचता यायचं, हाताने लिहिलेलं मात्र नाही. ते त्यांना गांडुळांसारखं दिसायचं. पण मंडळीतलं बहुतेक प्रत्येक पोर त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलेलं होतं, आणि त्यातलं एकही त्या विसरल्या नव्हत्या.

पहिल्या शनिवारी अकरा जणं भिंतीला टेकून उभी होती. चेहऱ्यावर भाव असा, की हिला किती दिवस लागतात बघू. कुसाबाईंनी पदर खोचला आणि एका टोकापासून सुरुवात केली.

"तू पायाळू. तुझ्या आईनं दोन दिस घेतले. तू दोन किलो शंभर ग्राम, चिमणीवानी होतास, आता बघ, दारात मावंना. तू आल्या आल्या डॉक्टरीणबाईच्या चष्म्यावर मुतलास."

रांग सरळ झाली. ज्या बाईने आपल्याला त्या अवस्थेत बघितलंय तिच्यासमोर ऐटीत उभं राहता येत नाही, हे अकराही जणांना एकदम कळलं. रांगेच्या शेवटी एक उंच, सडपातळ मुलगा होता, मोतीराम दुशिंगांचा अनुग्रह. त्याला बघून कुसाबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि का कोण जाणे, थांबल्या.

"तर इथं काय करता तुम्ही?"

"काहीच नाही," सुवार्ता म्हणाली.

"मग बरंय. मला बी तेवढंच येतं."

पहिले दोन महिने संघात चिवडा आणि कॅरम याशिवाय काही झालं नाही. कॅरमच्या आवाजाने पलीकडच्या बौद्ध कॉलनीतली तीन-चार पोरंही येऊ लागली. त्यांतला बुद्धभूषण स्ट्रायकर असा मारायचा की राणी स्वतःहून भोकात जाऊन बसायची. कुसाबाईंना त्याच्यापुढे मात्र जरा अवघडायचं.

"तू कुठं जन्मलास?"

"सिव्हिलला."

"मग तुझं मला काय ठाऊक नाय," त्या खेदाने म्हणाल्या. "बस, खेळ."

सेक्रेटरी दुशिंगांना, म्हणजे मोतीरावांना, हे पटलं नाही. मोतीराव ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे एक स्क्रू हवा असला तरी तीन सह्या लागत, आणि तो नियम त्यांनी घरीदारी चालू ठेवला होता. त्यांनी रजिस्टर आणलं. त्यात रकाना होता, 'सभासद आहे / नाही'. "बाहेरची मुलं कोणत्या सदरात दाखवायची?" त्यांनी विचारलं.

"कॅरमच्या," कुसाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी मध्ये पडून तोड काढली. संघात काहीतरी आत्मिक चाललंय असं दिसावं म्हणून प्रश्नपेटी ठेवायची. मुलांनी शंका चिठ्ठीवर लिहून टाकायच्या, नाव घालायचं नाही, महिन्याच्या शेवटी साहेब स्वतः वचनाच्या आधारे उत्तरं देतील. कुसाबाईंनी पेटी म्हणून वॉर्डातला कापसाचा जुना पत्र्याचा डबा आणला आणि झाकणाला फट पाडून घेतली.

महिनाअखेरीस साहेब कोट घालून आले. डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, मोठ्याने वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"मिशी येत नसेल तर प्रार्थना करावी की रेझर फिरवावा?"

दुसरी: "मुलींकडे बघणं पाप असेल तर गायनवृंदात त्यांना समोर का उभं करतात?"

तिसरी: "नववीत दोनदा नापास झालेल्याला स्वर्गात घेतात का?"

चौथी: "माझा आवाज फाटला आहे. तो परत शिवून मिळतो का?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी धीराविषयी वीस मिनिटं सांगितलं, त्यात मिशीचा उल्लेख कुठेच आला नाही, आणि एका आजारी सभासदाला भेटायचंय म्हणून ते निघून गेले. पोरं खाली माना घालून हसत होती, पण त्यातली चार जणं हसत नव्हती, हे कुसाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. वॉर्डात कोण नुसतं ओरडतंय आणि कुणाला खरंच कळा येतायत हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"वाच गं परत," त्या सुवार्ताला म्हणाल्या. "आवाजाचं आधी. आरं, फाटला नाय तो. देवानं उसवलाय. मोठ्या मापाचा शिवायला घेतलाय. सा-आठ महिने लागतील, तवर वरच्या पट्टीत गाऊ नको, म्हंजे झालं. मिशीचं कोण? कोण का असंना. रेझर फिरवला तर गाल कापंल, मिशी काय येणार नाय. बापाच्या तोंडाकडं बघ, त्याला ज्या साली आली त्या साली तुला यील. आन् नववीवाल्या, मी तर दुसरीतच शाळा सोडली. मला घेतलं तर तुला बी घेतील."

"आणि मुलींकडे बघायचं?" मागून एकाने धीर करून विचारलं.

"बघावं की. पण भाजी बघितल्यावानी बघू नये. माणूस बघितल्यावानी बघावं."

त्या दिवसापासून उत्तरं कुसाबाईच देऊ लागल्या, आणि अकराचे तेवीस झाले.

मोतीराव एकदा खिडकीबाहेर उभे राहून मुरुमांवरचं उत्तर ऐकून गेले. दुसऱ्या रविवारी कमिटी बसली. "मुरूम आणि मिशी हे विषय संघाच्या घटनेत बसत नाहीत," ते म्हणाले. ठराव झाला. डबा संघाच्या खोलीतून काढून पुढच्या व्हरांड्यात भिंतीला ठोकावा, त्याला कुलूप असावं, किल्ली सेक्रेटरींकडे. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी तपासून, क्रमांक घालून, योग्य वाटेल तीच पुढे पाठवावी.

"लावा कुलूप," कुसाबाई म्हणाल्या. "दाराला कडी घातली म्हणून बाळंतपण थांबत नसतं."

आणि इथेच कमिटीचा हिशेब चुकला. खोलीतला डबा पोरांचा होता; व्हरांड्यातला डबा सगळ्या मंडळीचा झाला. रविवारची भक्ती संपली की मोठी माणसं तिथे छत्री शोधायच्या निमित्ताने रेंगाळू लागली. पुढच्या शनिवारी मोतीरावांनी 'पाहिले. पाठवावे. मो. दु.' अशी सही केलेल्या सहा चिठ्ठ्या पाठवल्या. सुवार्ता पहिली वाचू लागली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"क्रमांक सात. माझी सून भाजीत मीठ कमी घालते. बोलू की देवावर सोडू?"

खोलीत खसखस पिकली. मोतीरावांनी मिश्या अडवल्या होत्या, पण सुनेचा विषय त्यांना योग्य वाटला होता!

"क्रमांक नऊ. मी तीस वर्षं गायनवृंदात आहे. मी बेसूर गाते हे सगळ्यांना माहीत आहे का?"

कुसाबाई विचारात पडल्या. "मला ना सून, ना गळा. मी काय सांगू?" मग त्यांनी पोरांकडे बघितलं. "तुमच्या घरात आया हायत, आज्या हायत. तुम्ही ऱ्हाता त्यांच्यात. सांगा तुम्हीच."

तेवीस पोरांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यांविषयी मत विचारत होतं. सुरुवातीला दंगा झाला. मग बुद्धभूषण म्हणाला, "मीठ वरून घ्यावं आणि भाजी छान झालीय म्हणावं. माझी आजी तसंच करते. आता आईच मीठ नीट घालते." हे उत्तर बहुमताने मंजूर झालं. गाण्याच्या प्रश्नावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी असं ठरलं: 'हो, माहीत आहे. पण तुम्ही गाताना सगळ्यांत खूश दिसता, म्हणून थांबू नये.'

सुवार्ताने उत्तरं क्रमांकासह कागदावर लिहिली आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचली. रविवारी भक्ती सुटल्यावर पाळकसाहेब दारात हस्तांदोलनाला उभे राहिले, आणि सगळी मंडळी त्यांना वळसा घालून फळ्याकडे गेली. नंतर कधीतरी एक चिठ्ठी आली, 'उपदेश किती मिनिटांचा असावा?' अक्षर मुद्दाम वाकडं काढलं होतं. पोरांनी लिहिलं, 'बावीस.' पुढच्या रविवारी साहेब एकविसाव्या मिनिटाला आमेन म्हणाले.

जुलैत एका शनिवारी क्रमांक एकेचाळीस निघाला.

सुवार्ताने नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली. "विषय: मुलगा बोलत नाही. संदर्भ: गेली दोन वर्षे. उपरोक्त विषयास अनुसरून, मुलाशी बोलणे सुरू करण्याची पद्धत..."

ती थांबली. विषय, संदर्भ, उपरोक्त. अक्षर डाव्या हाताने काढल्यासारखं होतं, पण खाली, सवयीने, उजव्या हाताची झोकदार सही होती: 'पाहिले. पाठवावे. मो. दु.'

"पुढं वाच की," कुसाबाई म्हणाल्या. बावीस माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. अनुग्रह भिंतीकडे बघत होता. एका पोराला हसू फुटलं आणि बुद्धभूषणने त्याच्या पायावर पाय दिला.

कुसाबाईंना अक्षर कळलं नाही, पण चेहरे कळले. त्या अनुग्रहकडे न बघता, मांडीवरचा चिवडा निवडत बोलू लागल्या.

"एक बाप होता आमच्या वार्डात. लय शिस्तीचा. दुपारी पोरगं झालं, मी कापडात गुंडाळून भाईर आणलं. बाकीचे बाप रडत्यात, पेढे आणाया पळत्यात. ह्यानं खिशातली डायरी काढली. म्हणला, वजन? म्या सांगितलं, तीन किलो. म्हणला, तुमचा काटा शून्यावर नव्हता, मी दारातनं बघितलंय, परत करा. म्या म्हणलं, पोरगं हाय का साखर? तरी केलं. तीन किलो पन्नास. तर त्यानं ते डायरीत लिवलं, आन् लिवता लिवता त्याच्या हातातनं पेन पडलं. तीनदा पडलं. मीच उचलून दिलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, पोराकडं बघून काय बोलायचं असतं. मग तो वजन इचारत बसला."

सुवार्ताने चिठ्ठीची घडी घातली.

"माझे वडील पण बोलत नाहीत," बुद्धभूषण म्हणाला. "पण सकाळी माझ्या सायकलमध्ये हवा भरलेली असते."

"उत्तर काय लिहू?" सुवार्ताने हळूच विचारलं.

भिंतीकडे बघतच अनुग्रह म्हणाला, "मार्क सोडून काहीही विचारावं, असं लिही." त्याचा आवाज मध्येच चिरकला. "म्हणजे, काहीही चालेल."

सुवार्ताने शहाणपणा केला. हे उत्तर तिने फळ्यावर लावलं नाही. कागदावर 'विषय: आपला क्रमांक एकेचाळीस' असं लिहून, घडी घालून ते डब्यात टाकलं, म्हणजे किल्लीवाल्यालाच मिळेल.

पुढच्या शनिवारी अनुग्रह सगळ्यांच्या आधी आला. कुसाबाई सतरंजी झटकत होत्या. तो सतरंजीचं दुसरं टोक धरून म्हणाला, "मावशी, बोलले ते."

"काय म्हणले?"

"जेवताना विचारलं, तुझ्या चपलेचा नंबर काय?"

"मग?"

"मी म्हटलं, नऊ. ते म्हणाले, माझाही नऊ. मग आम्ही वरणभात खाल्ला."

"झालं?"

"आज सकाळी म्हणाले, हवी तर माझी सँडल घालून जा."

कुसाबाईंनी खाली बघितलं. पोराच्या पायात सरकारी पद्धतीच्या, जाडजूड, तपकिरी, अत्यंत कुरूप सँडल होत्या. त्या वयाचं दुसरं कुठलंही पोर त्या घालून घराबाहेर पडलं नसतं.

"झाक दिसत्यात," त्या म्हणाल्या. वॉर्डातल्या चौतीस वर्षांत बोलल्या नव्हत्या एवढं मोठं खोटं त्या दिवशी त्या बोलल्या.

यानंतर मोतीराव एकदम बदलले असं काही झालं नाही. पण महिन्याभराने ते शनिवारी संघात आले, 'पाहणी'साठी. त्यांनी टेपने कॅरम बोर्ड मोजला, एक कोपरा पाव इंच खाली असल्याचं सिद्ध केलं, त्याखाली पुठ्ठा सारला आणि मग बुद्धभूषणने "काका, एक डाव?" म्हटल्यावर बसले. एकही सोंगटी न घेता हरले. "बोर्ड आता सपाट आहे, त्यामुळे तक्रार नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा डाव मांडला. रजिस्टरमधला सभासदाचा रकाना त्यांनी पुढे कधीच भरला नाही. किल्ली मात्र सोडली नाही. मिश्यांच्या चिठ्ठ्यांवरही आता 'पाहिले. पाठवावे' येऊ लागलं. एकीवर तर त्यांनी कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मला एकोणिसाव्या वर्षी आली. काळजी नसावी.'

कुसाबाईंनी संघ २००५ पर्यंत चालवला. मधल्या काळात पहिली पोरं कामाला लागली, दुसरी आली. चिठ्ठ्या कमी झाल्या, कारण पोरांच्या खिशात मोबाइल आले आणि शंका एकमेकांना परस्पर जाऊ लागल्या. गुडघे दुखायला लागले तशी दिंडोरीच्या भाचीने लकडा लावला, आता माझ्याकडे चल. तिचा द्राक्षाचा बाग होता आणि घरात एक खोली रिकामी होती.

निरोपाच्या सभेत मोतीराव बोलायला उठले. चौदा मुद्दे लिहून आणले होते. 'सदर व्यक्तीने सदर कालावधीत केलेले कार्य' असं म्हणत ते तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आले, चौथ्यावर त्यांचा चष्मा ओला झाला आणि त्यांना पुढचं दिसेना. अनुग्रह तेव्हा ओझरलाच, वडिलांच्याच कारखान्यात लागला होता. तो उठला, वडिलांच्या हातातून कागद घेतला आणि उरलेले अकरा मुद्दे त्याने वाचले. मोतीराव शेजारीच उभे राहून, कुठे स्वल्पविराम सुटला की हळूच सांगत होते.

कुसाबाईंना त्या भाषेतलं अर्धंही कळलं नाही. शेजारी सुवार्ता बसली होती, आता स्टाफ नर्स झालेली.

"काय म्हणले गं?"

"तुम्ही चांगल्या आहात म्हणाले."

"मग एवढा येळ का लागला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धभूषण स्वतःचा टेम्पो घेऊन आला. मागे खाट, दोन ट्रंका आणि तुळशीच्या कुंडीत लावलेलं कढीपत्त्याचं रोप. कुसाबाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला.

"हळू चालव."

"मावशी, अजून सुरूच केला नाही."

"ते मला ठाऊक हाय. पण तू सिव्हिलला जन्मलेला. तुझा काय भरवसा?"

बुद्धभूषण हसत हसत चावी फिरवू लागला. पंचवटीतून दिंडोरी रोडला लागेपर्यंत त्याने वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या दोघांनी मिळून खाल्ल्या.